गोराईच्या खाडीकाठी पालीचे पाठ



मुंबई उपनगर जिल्ह्यातील बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी आहे आणि खाडीच्या पलीकडे गोराई आहे. बोरिवलीच्या धक्क्यावरून बोटीने गेल्यास अवघ्या काही मिनिटांत पैलतीर गाठता येतो. रस्त्याने जावयाचे झाल्यास मात्र भाईंदर आणि उत्तन असा मोठा वळसा घालावा लागतो. या किनाऱ्यावर कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची जुनी वस्ती आहे. याच भूभागावर, मुंबईतून येणाऱ्या प्रवाशाला खाडीच्या अलीकडूनच सोनेरी रंगाचा एक उत्तुंग कळस दिसू लागतो. ब्रह्मदेशातील श्वेडगोन पॅगोडाच्या धर्तीवर बांधलेला हा जागतिक विपश्यना पॅगोडा होय. त्याची उंची सुमारे ३२५ फूट असून राजस्थानातील जोधपूरचा दगड त्यासाठी वापरलेला आहे. दगड एकमेकांत गुंतवून रचलेल्या त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि तेथे सुमारे आठ हजार माणसे एका वेळी ध्यानास बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

पॅगोडा पाहावयास दररोज पुष्कळ लोक येतात. कळसाची छायाचित्रे काढून, समुद्राचा वारा खाऊन ते परत जातात. परंतु याच परिसरात आणखीही एक काम चालत आलेले आहे, ज्याची वार्ता बोटीतल्या प्रवाशांना सहसा नसते. ते काम म्हणजे पाली भाषेच्या अध्यापनाचे. विपश्यना विशोधन विन्यास या संस्थेचे निवासी पाली वर्ग गोराई येथे भरविण्यात आले आहेत. वहीपेन्सिल घेऊन बसलेली प्रौढ माणसे तेथे नामाच्या विभक्ती आणि धातूंची रूपे पाठ करतात. ज्या भाषेत आज कोणी बाजारहाट करीत नाही, ती शिकण्यासाठी ही माणसे घरदार मागे ठेवून येतात. त्यांना ती का शिकावीशी वाटते आणि महाराष्ट्रात या शिक्षणाचा उगम कोठे आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

जगात समाजांनी आपल्या हिंमतीवर चालविलेल्या भाषाशाळा पुष्कळ आहेत. परदेशी स्थायिक झालेले इटालियन लोक रविवारी मुलांना एकत्र करून आजीआजोबांची भाषा शिकवितात. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळाही त्याच जातीच्या. अशा शाळांत जी भाषा शिकविली जाते ती कोणाच्या तरी घरात अद्याप बोलली जात असते. पालीचे तसे नाही. तिला आज स्वतःचा प्रांत नाही, स्वतःचे गाव नाही, इतकेच काय, स्वतःची लिपीही नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत आणि १८८१ साली लंडनमध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केल्यापासून रोमन लिपीतही. बौद्धांचे त्रिपिटक ज्या भाषेत जतन झाले ती ही भाषा, एवढीच तिची ओळख सर्वसाधारण वाचकाला असते.

वास्तविक मराठी माणसाला पाली वाटते तेवढी परकी नाही. संस्कृतातील कठीण जोडाक्षरे पालीत मऊ होतात आणि एकाच वर्णाचे द्वित्व होते. ‘सप्त’ चे ‘सत्त’ होते, ‘अष्ट’ चे ‘अट्ठ’, ‘हस्त’ चे ‘हत्थ’, ‘कर्ण’ चे ‘कण्ण’, ‘रात्रि’ चे ‘रत्ति’, ‘भक्त’ चे ‘भत्त’. यापुढची पायरी मराठीची. द्वित्व सुटते, आधीचा स्वर दीर्घ होतो आणि सात, आठ, हात, कान, रात, भात हे आपले रोजचे शब्द हाती येतात. पाली ही मराठीची जननी नव्हे. तो मान महाराष्ट्री प्राकृताचा. परंतु दोघी एकाच कुळातल्या, आणि संस्कृत व मराठी यांच्यामधील जी पायरी आपल्याला सहसा दिसत नाही, ती पालीचा विद्यार्थी प्रत्यक्ष पायाखाली घेतो. मौजेची गोष्ट अशी की लॅटिनपासून इटालियन होताना नेमके हेच घडले. लॅटिनमधील सात म्हणजे ‘सेप्तेम’, ते इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झाले. ‘ओक्तो’ चे ‘ओत्तो’ झाले. हजारो मैलांवरील दोन समाजांच्या जिभांनी जोडाक्षराची अडचण एकाच रीतीने सोडविली.

आणखी एक गोष्ट. मराठीत ‘ळ’ आहे, पालीतही आहे. अभिजात संस्कृतात आणि प्रमाण हिंदीत तो नाही. सोळा या संख्येला पालीत ‘सोळस’ म्हणतात. तो उच्चार हिंदीभाषक विद्यार्थ्याला शिकावा लागतो, मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी तो पहिल्या दिवशीच असतो.

या भाषेचे या किनाऱ्याशी जुने नाते आहे. गोराईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडे नालासोपारा आहे. पाली ग्रंथांतील ‘सुप्पारक’ ते हेच. समुद्रकाठी सुप्पारक येथे राहणाऱ्या बाहिय नावाच्या साधकाची कथा ‘उदान’ या ग्रंथात आली आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यासच मिळाला; नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत आणि तेथील दानलेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेले आहेत. हे लेख पालीतले नव्हेत, हे स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘लेण्यांतील पाली’ असा उल्लेख पुष्कळ वेळा सैलपणे केला जातो. तथापि पालीचे स्वरूप मगधापेक्षा पश्चिम भारतातील बोलींशी, विशेषतः गिरनारच्या अशोकलेखातील भाषेशी अधिक जुळते, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

परंतु लेणी ओस पडली आणि ग्रंथ समुद्रापार गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या मराठी माणसाच्या मनात पाली शिकण्याचे आले, तर त्याला महाराष्ट्रात शिक्षक मिळण्याची सोय नव्हती. तसे एकाच्या मनात आले. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. घरची नारळाची शेती, शिक्षण बेताचे. ‘बालबोध’ मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या पुरुषाची शिकवण मूळ शब्दांत समजून घेतली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. पत्नी आणि लहान मुलगी मागे ठेवून १८९९ च्या डिसेंबरात त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याशी त्यांची गाठ पडली. संस्कृत शिकण्यासाठी ते काशीस गेले, अन्नछत्रात जेवून त्यांनी अध्ययन केले. तेथून नेपाळ, बोधगया, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप. कोलंबो येथील विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या छत्राखाली त्यांना शेवटी पाली मिळाली. ती मिळाली सिंहली अक्षरांत. म्हणजे भाषेआधी लिपी शिकणे आले. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर बर्मी लिपी आली. गृहत्यागाचे समर्थन करणे कोणालाही कठीण जावे आणि कोसंबींनीही ‘निवेदन’ या आत्मवृत्तात स्वतःला फारसे पाठीशी घातलेले नाही. परंतु एक भाषा शिकण्यासाठी एका माणसाला किती मोठी पायपीट करावी लागली, याचा तो दस्तऐवज आहे.

परत आल्यावर कोसंबींनी जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. कलकत्त्यास त्यांना पालीच्या अध्यापनाची चांगली नोकरी होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये तीन वर्षांपर्यंत देऊ केले; अट एवढीच की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि दरवर्षी एक पुस्तक लिहावे. कलकत्त्याच्या तुलनेने ही रक्कम अल्प होती. कोसंबींनी ती पत्करली, कारण आपल्याला जे शोधण्यासाठी देशोदेशी हिंडावे लागले ते मराठी माणसाला मराठीतून, घरबसल्या मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. डॉ. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले. १९१० मध्ये कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९१२ मध्ये परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचा वर्ग घेतला, तो १९१८ पर्यंत. या वर्गातून तयार झालेल्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट होते, ज्यांनी पुढे पाली व बौद्ध विद्येच्या अभ्यासात जागतिक कीर्ती मिळविली. प्रा. ना. के. भागवत यांनी मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले, तर मुंबई विद्यापीठाने पाली ग्रंथ देवनागरीत छापण्याची माला सुरू केली. लिपीची अडचण दूर झाल्यावर विद्यार्थी वाढतात, हा सर्व भाषांचा अनुभव आहे. कोसंबींनी स्वतः ‘विसुद्धिमग्ग’ ची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने मुंबईत प्रसिद्ध केली.

इथपर्यंतचा इतिहास विद्वानांचा आहे. महाविद्यालयातील एक वर्ग, त्यात मोजके विद्यार्थी, असे त्याचे स्वरूप होते. ते बदलले १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी.

नागपूर येथे त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले आणि नंतर लक्षावधी अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्रिशरण व पंचशील पालीत होते. त्यापाठोपाठ बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मराठीत होत्या. या दोन भाषांच्या एकत्र येण्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्या एका दिवशी पाली भाषा विद्यापीठाच्या चार भिंतींतून बाहेर आली आणि शेतमजूर, गिरणी कामगार, रेल्वेचे खलाशी यांच्या तोंडी गेली. आज महाराष्ट्रातील वाड्यावस्त्यांत, बुद्धविहारांत, लग्नात आणि अंत्यविधीतही पालीचे शब्द उच्चारले जातात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या ६५ लाखांहून अधिक आहे. देशातील एकूण बौद्धांपैकी हे प्रमाण तीनचतुर्थांशाहून जास्त भरते. एखाद्या प्राचीन भाषेतील वचने इतक्या मोठ्या जनसमुदायाला मुखोद्गत असावीत, ही सामान्य घटना नव्हे.

प्रश्न आहे तो अर्थाचा. जे मुखोद्गत आहे ते समजते काय?

बाबासाहेबांना या प्रश्नाची जाणीव होती. राजकारण, संविधान आणि लोकशिक्षण यांच्या धकाधकीत त्यांनी पाली शब्दकोशाचे आणि व्याकरणाचे काम हाती घेतले होते. ‘बौद्ध पूजापाठ’ ही लहान पुस्तिकाही त्यांनी तयार केली. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड १९७९ पासून प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला. श्री. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९८ मध्ये निघालेला सोळावा खंड संपूर्णपणे पालीला वाहिलेला आहे. त्यात पाली व्याकरण आहे, पाली-इंग्रजी कोश आहे, आणि पाली शब्दांना इंग्रजीबरोबरच मराठी, हिंदी व गुजराती प्रतिशब्द देणारा कोशही आहे. या प्रतिशब्दांच्या रकान्यांवरूनच कोश कोणासाठी योजला होता ते कळते. विद्यापीठीय पंडिताला गुजराती व मराठी प्रतिशब्दांची गरज नसते. शासनाच्या प्रकाशनांपैकी हा खंड इतर खंडांइतका वाचला जात नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

मराठी माणसाला पाली सोपी आहे, असे वर म्हटले. परंतु हा सोपेपणाच कधी कधी फसवितो. शब्द ओळखीचा दिसतो आणि अर्थ वेगळाच असतो. ‘वेदना’ हा शब्द घ्यावा. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत वेदना म्हणजे शरीराला किंवा मनाला होणारी कोणतीही जाणीव, मग ती सुखाची असो, दुःखाची असो किंवा दोन्हीही नसलेली असो. ‘सुखा वेदना’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला चमत्कारिक वाटतो, पालीत तो नित्याचा आहे. ‘सङ्खार’ म्हणजे संस्कार. मराठीत चांगल्या घरातील मुलांवर जे होतात ते संस्कार, पालीत मात्र मनावर साचत जाणारी आणि पुढील कृतीला वळण देणारी सर्व घडण. ‘विञ्ञाण’ म्हणजे विज्ञान. पण त्याचा प्रयोगशाळेशी काही संबंध नाही, तो शब्द जाणण्याच्या क्रियेला, चित्ताच्या भानाला लावलेला आहे. ‘समाधि’ म्हटल्यावर मराठी मनात आळंदी उभी राहते; पालीत तो चित्ताच्या एकाग्रतेचा वाचक शब्द आहे. बौद्ध विचारातील पंचस्कंध समजावून सांगताना यांपैकी तीन शब्द येतात. श्रोत्याने ते आपल्या नेहमीच्या अर्थाने घेतले तर सारे निरूपण आडवाटेला जाते, आणि गंमत अशी की आपण चुकलो हे त्याला कळतही नाही.

याहून गंभीर उदाहरण त्रिशरणाचेच आहे. मराठीत शरण जाणे म्हणजे हार पत्करणे, लीन होणे. लढाईत शत्रू शरण येतो, भक्त देवाला शरण जातो. पालीतील ‘सरण’ या शब्दाचा अर्थ आश्रय, आसरा असा आहे. पावसात सापडलेला माणूस छपराखाली जातो, त्या जाण्याशी या जाण्याचे साम्य अधिक आहे. पंचशीलाबाबतही असेच. शाळेच्या भिंतीवर पाच शीले लिहिताना ‘हिंसा करू नका, चोरी करू नका’ अशी आज्ञेची भाषा वापरलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. मूळ पाली वाक्यात आज्ञा नाही. क्रियापद ‘समादियामि’ असे आहे, म्हणजे प्रथम पुरुषाचे, एकवचनाचे, वर्तमानकाळाचे. घेणारा माणूस स्वतः म्हणतो की मी ग्रहण करतो. आणि तो काय ग्रहण करतो? ‘सिक्खापद’. सिक्खा म्हणजे शिक्षा. परंतु दंड या अर्थाची नव्हे, शिक्षण या अर्थाची. म्हणजे अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा अभ्यास मी पत्करतो, एवढेच ते वाक्य सांगते. आज्ञा मोडली तर गुन्हा होतो. अभ्यासात चूक झाली तर तो पुन्हा करावयाचा असतो. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांच्या आज्ञा सोसल्या, त्याच्या तोंडी बाबासाहेबांनी प्रथम पुरुषी क्रियापद दिले. ते आज्ञार्थी समजून म्हणणे ही मोठी हानी आहे, आणि ती व्याकरणाच्या एका धड्याने टळू शकते.

गोराईच्या ख्रिस्ती वस्तीला हा प्रश्न नवा वाटू नये. जगभरच्या कॅथलिक चर्चप्रमाणे येथेही मिस्साची भाषा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिन होती. घरी मराठीची ईस्ट इंडियन बोली बोलणारी माणसे वेदीसमोर लॅटिन ऐकत आणि तिला लॅटिनमध्येच प्रतिसाद देत. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक भाषांना उपासनेत जागा मिळाली आणि लॅटिन मागे पडली. एक मार्ग हा, की वचन आपल्या भाषेत आणावे. दुसरा मार्ग असा, की आपण वचनाच्या भाषेत जावे. पॅगोडाच्या परिसरातील पाली वर्गाने हा दुसरा, अधिक कष्टाचा मार्ग घेतला आहे.

त्या वर्गाची पार्श्वभूमी अशी. श्री. सत्यनारायण गोयन्का यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. रंगून येथील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ते विपश्यना शिकले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. १९७६ मध्ये इगतपुरी येथे धम्मगिरी केंद्र सुरू झाले आणि १९८५ मध्ये विपश्यना विशोधन विन्यासाची स्थापना झाली. ध्यानाला ग्रंथाचा आधार हवा आणि ग्रंथाला आचरणाचा, ही त्यामागील दृष्टी होती. पाली परंपरेत यांना अनुक्रमे परियत्ति आणि पटिपत्ति म्हणतात.

संस्थेने हाती घेतलेले मोठे काम ग्रंथप्रकाशनाचे. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे सहावी संगीती भरली होती, तीत भिक्षूंनी त्रिपिटकाचा पाठ तपासून निश्चित केला. तो पाठ अट्ठकथा व टीकांसह देवनागरीत १४० खंडांत छापण्यात आला. त्याआधी भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून देवनागरी त्रिपिटकाचे ४१ खंड निघालेले होते. परंतु अट्ठकथांचा एवढा विस्तृत संग्रह प्रथमच नागरीत आला. पुढे हे सर्व साहित्य संगणकावर आणण्यात आले. आता एक कळ दाबली की तेच वाक्य सिंहली, बर्मी, थाई, रोमन किंवा देवनागरी अक्षरांत समोर येते. कोसंबींना ज्या लिप्या गाठण्यासाठी समुद्र ओलांडावे लागले, त्या एका पडद्यावर बसल्या.

पाली वर्ग प्रथम इगतपुरीस होत; गोराईचा परिसर उभा राहिल्यावर येथेही होऊ लागले. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी, मुक्काम कित्येक आठवड्यांचा. वर्णमाला, संधी, नामाची रूपे, धातू आणि मग सोपी सुत्ते, असा क्रम असतो. संस्कृत शिकलेल्याला एक दिलासा मिळतो, तो म्हणजे पालीत द्विवचन नाही. दिवसाच्या वेळापत्रकात ध्यानाचे तास राखून ठेवलेले असतात. प्रवेशासाठी दहा दिवसांची विपश्यना शिबिरे आधी केलेली असावीत, अशी अट घालण्यात येते. साधकाच्या दृष्टीने ती योग्यच आहे, कारण ‘वेदना’ या शब्दाचा अर्थ ज्याने तासन्तास बसून स्वतःच्या शरीरात पाहिला, त्याला तो कोशात पाहण्याचे कारण उरत नाही. परंतु ज्याला केवळ भाषा हवी आहे, किंवा ज्याला हातावरचे पोट सोडून आठवडेच्या आठवडे राहता येत नाही, तो या दाराबाहेर राहतो. विहारात पाली वचने म्हणणारी महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसे या दुसऱ्या वर्गातील आहेत. शिवाय बाबासाहेबांच्या अनुयायांत विपश्यनेविषयी एकच मत नाही. कोणी ती आदराने करतात, तर कोणाला धम्माचे सामाजिक अंग त्यामुळे मागे पडेल अशी शंका वाटते. मतभेद असोत, पाली दोघांनाही लागते.

त्यांच्यासाठी अन्य मार्ग आहेत, ते रुंद व्हावयास हवेत. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षांत पाली हा विषय घेता येतो. मुंबई, पुणे, नागपूर येथील विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. नागपुरात भदन्त आनंद कौसल्यायन यांनी दीक्षाभूमीवर राहून आयुष्याची अखेरची वर्षे धम्म आणि पाली यांच्या प्रसारात घालविली. त्यांचा पाली-हिंदी कोश आजही विद्यार्थ्यांच्या हाती दिसतो. परंतु विषय निवडताना विद्यार्थी आणि त्याचे पालक पुढील उपजीविकेचा विचार करणारच. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पाली साहित्य हा ऐच्छिक विषय होता आणि अनेक होतकरू तरुण त्या निमित्ताने भाषेकडे वळत. २०१३ मध्ये तो यादीतून वगळण्यात आला. भाषेच्या आवडीने शिकणारे त्यामुळे थांबले नाहीत, परंतु ज्यांना आवडीबरोबर भाकरीचाही विचार करावा लागतो, त्यांचे एक दार बंद झाले. यावर ‘भाषा पोटासाठी शिकू नये’ असे उत्तर देणारे बहुधा पोट भरलेले असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या त्या भाषा. महाराष्ट्रात त्या दिवशी मराठीच्या नावाने साहजिकच आनंदोत्सव झाला आणि त्या आनंदात यादीतील पुढच्या दोन नावांकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. वास्तविक मराठी, प्राकृत आणि पाली ही तिन्ही नावे या राज्याच्या मातीशी जोडलेली आहेत. एकीची अक्षरे कान्हेरीच्या दगडात आहेत, एक लाखो घरांतील वंदनेत आहे आणि एक आपण बोलतो.

गोराईहून संध्याकाळी बोरिवलीकडे परतणाऱ्या बोटीत सहलीचे लोक असतात, कामावरून येणारे गावकरी असतात, आणि पॅगोडा पाहून निघालेली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या वृद्ध स्त्रियांची एखादी मंडळी असते. नागपूरच्या त्या दिवसानंतर जन्मापासून किंवा बालपणापासून त्रिशरण म्हणत आलेली ही पिढी आहे. त्यांच्यापैकी अनेकींना शाळा मिळाली नाही. वंदना त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ असते आणि उच्चार चुकलेला त्यांच्या कानाला चटकन कळतो. नातवंडे शाळेत जातात. ‘समादियामि’ म्हणजे काय, हे आजीने नातीला विचारावे आणि नातीला ते सांगता यावे, यासाठी लागणारे पुस्तक शासनाच्या मुद्रणालयातून १९९८ मध्येच छापून निघालेले आहे. लागतो तो शिकविणारा, आणि विहारातील आठवड्याचा एक तास.